पिस्टन वर कशाला आला होता?

फोर-स्ट्रोक पेट्रोल एंजिनाची आकृती मी गेली वीस वर्षे फळ्यावर काढत आलो आहे. आत येणारे मिश्रण निळ्या खडूने, बाहेर जाणारा धूर लाल खडूने. डोळे मिटूनही आपल्याला ती काढता येईल, अशी माझी समजूत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी, पुण्यात एरंडवण्यातल्या एका इमारतीच्या आवारात, ही समजूत मोठा आवाज होऊन फुटली. विद्यार्थी मित्रांनो, त्या आवाजामागे कोणते विज्ञान होते ते आज तुम्हाला सांगणार आहे. ते सांगताना माझ्या तीन जुन्या मित्रांविषयीही सांगावे लागेल, कारण गाडी दुरुस्त करायला आम्ही एकत्र आलो नसतो तर तो आवाज झालाच नसता.

आम्ही चौघे एकाच शाळेतले. १९९६ साली दहावी झालो आणि नंतर चार दिशांना गेलो. लेखात कोणाची नावे घालायची नाहीत असे त्यांनी बजावले आहे, म्हणून धंद्यावरून ओळख करून देतो. एक बँकवाला. दुसरा वर्कशॉपवाला, त्याचे भोसरीला लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. तिसरा गाडीवाला, म्हणजे ज्याच्या वडिलांची ही गाडी. आणि चौथा मी, भौतिकशास्त्र शिकवणारा.

यात एक अडचण होती. वर्कशॉपवाला आणि मी बारा-तेरा वर्षे एकमेकांशी नीट बोललेलो नव्हतो. लग्नकार्यात भेट झाली तर "काय, बरं आहे ना?" एवढेच. २०१२ साली त्याला एक मशीन घ्यायचे होते आणि कर्जाला जामीन हवा होता. तो माझ्याकडे आला आणि मी नाही म्हणालो. कारणे सांगितली होती, पण ती आता मलाही धड आठवत नाहीत.

आता गाडीकडे वळू.

गाडी म्हणजे १९८१ ची प्रीमियर पद्मिनी. काकांनी, म्हणजे गाडीवाल्याच्या वडिलांनी, १९७६ साली पैसे भरून नंबर लावला आणि पाच वर्षे वाट पाहिली, तेव्हा ती दारात आली. आजच्या मुलांना हे खरे वाटणार नाही, पण त्या काळी गाडीसाठी थांबणे ही नेहमीची गोष्ट होती. मूळ गाडी इटलीतल्या तुरीन शहरच्या फियाट कंपनीची, 'अकराशे' या नावाची. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचे वालचंदनगर आहे, तेच हे. १९७४ पासून गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले, तरी पुण्यात लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून गेली.

'अकराशे' हे नाव कुठून आले ते तुम्हीच काढून पाहा. एंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा आतला व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल ७५ मिलिमीटर. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, म्हणून तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर. त्याला ७.५ ने गुणा आणि मग ४ ने. उत्तर १०८९ घन सेंटिमीटरच्या आसपास येते. वर्गात 'वृत्तचितीचे घनफळ' शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. मुले झोपणार नाहीत.

काका २००९ साली गेले. तेव्हापासून गाडी आवारातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. २०२४ च्या दिवाळीत इमारत पाडून नवी बांधायची हे नक्की झाले आणि मेअखेरपर्यंत जागा रिकामी करायची असे ठरले. घरातले सामान भाड्याच्या घरात नेता येते. पण बंद पडलेली गाडी कुठे नेणार? भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. तेव्हा काकूंनी मुलाला सांगितले, "तुम्ही चौघं यात बसून सिंहगडाच्या पायथ्याला जायचात. चालते का ते एकदा बघा. नाही चालली तर दे त्याला." गाडीवाल्याने आम्हा तिघांना फोन केला. तिघेही येणार आहेत हे त्याने तिघांनाही आधी सांगितले नाही, आणि त्याचे ते बरोबरच होते.

अडकलेले एंजिन

पहिल्या रविवारी ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि एंजिन जाम. पंख्याचा पट्टा धरून हलवला तर पुली रेसभरही हलेना.

चार स्पार्क प्लग काढून, मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा आत सोडला. दोन सिलिंडर आतून बरेचसे स्वच्छ, चकचकीत. उरलेले दोन तांबूस, गंजलेले. एकाच एंजिनात, त्याच हवेत, पंधरा वर्षे शेजारी शेजारी राहून हा फरक का पडला? पुढे वाचण्यापूर्वी थोडा विचार करा.

चार सिलिंडरचे एंजिन कुठल्याही स्थितीत थांबले, तरी चौघांची कामे वेगवेगळी चालू असतात. एक मिश्रण आत घेत असतो, एक ते दाबत असतो, एकात ते जळत असते, एक धूर बाहेर टाकत असतो. आत घेणाऱ्याची आतली झडप उघडी, बाहेर टाकणाऱ्याची बाहेरची झडप उघडी. उरलेल्या दोघांच्या दोन्ही झडपा बंद. एंजिन थांबले की झडपा जिथल्या तिथे राहतात. पंधरा पावसाळ्यांची दमट हवा दोघांत सहज शिरत राहिली आणि दोघांत जवळजवळ शिरलीच नाही. गंज पाहून एंजिन २००९ साली कुठल्या स्थितीत बंद केले होते, ते सांगता आले असते.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात आधीच केसाएवढी फट. तीत गंज फुगला की पाचर मारल्यासारखे होते.

मी म्हणालो, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकू आणि सगळे मिळून ढकलू. चाके फिरली की एंजिन फिरेल. हवा भरलेली दुसरी चाके आणून बसवली, गाडीवाला स्टिअरिंगवर बसला आणि आम्ही तिघांनी ढकलले. पुन्हा ढकलले. बँकवाल्याची कंबर धरली, बाकी काही झाले नाही.

वर्कशॉपवाला काही न बोलता स्कूटरवरून गेला आणि मोठा पाना व एक मीटर लांबीचा लोखंडी पाइप घेऊन आला. का, ते गणिताने पाहू. समजा प्रत्येकाने ३०० न्यूटन जोर लावला, तर तिघांचा ९००. चाकाची त्रिज्या सुमारे ०.२८ मीटर, म्हणून चाकाच्या आसावर फिरवणारा परिणाम, म्हणजे आघूर्ण, सुमारे २५० न्यूटन-मीटर. पण मागच्या आसातल्या दातेरी चाकांमुळे चाकाच्या एका फेऱ्यात एंजिनाचे चारहून अधिक फेरे होतात. फेरे चौपट म्हणजे आघूर्ण चौथाई! एंजिनापर्यंत जेमतेम साठ पोचले. उलट, पुलीच्या नटावर पाना लावून त्याला एक मीटरचा पाइप घातला, तर एकट्या माणसाच्या ३०० न्यूटनचे ३०० न्यूटन-मीटर होतात. तिघांनी धापा टाकून जे केले, त्याच्या पाचपट! गिअर आपल्याला मदत करतो की आपल्या विरुद्ध जातो, ते आपण कुठल्या टोकाला उभे आहोत यावर असते. हे वाक्य मी वर्गात कितीदा म्हटले असेल.

मात्र एवढे साधन हाती असूनही त्याने लगेच जोर लावला नाही. जोराने गंज सुटण्याऐवजी पिस्टनची रिंग मोडली असती. डिझेल आणि एंजिन ऑइल एकत्र करून त्याने प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडे थोडे ओतले आणि बँकवाल्याला म्हणाला, "यांना सांग, पंधरा दिवस कोणी हात लावायचा नाही."

'यांना' म्हणजे मला. मी तिथेच उभा होतो.

दिव्याच्या वातीत रॉकेल जसे चढते, तसे पातळ तेल बारीक फटीत आपोआप शिरत जाते. फट जितकी बारीक तितकी ही केशाकर्षणाची ओढ अधिक. पण तेल चिकट, वाट अरुंद, म्हणून वेळ लागतो. तिसऱ्या रविवारी त्याने पाइपला हलके झोके दिले, एकदा इकडे, एकदा तिकडे. बराच वेळ काही नाही. मग 'कट्' असा आवाज आला आणि पुली बोटभर सरकली. काकू गॅलरीतून पाहत होत्या; त्या चहा टाकायला आत गेल्या.

ठिणगीची गोष्ट

पुढचे काही रविवार सुट्या भागांच्या शोधात गेले. नाना पेठेतल्या दुकानांत पद्मिनीचे बरेच भाग अजून मिळतात. जे तिथे मिळत नाही त्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार. आम्हाला डिस्ट्रिब्यूटरची टोपी तिथे मिळाली. या फेऱ्यांमध्ये बँकवाल्याने तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी सांगितले. आम्हाला कोणालाच ती माहीत नव्हती. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर तो बोलला नसता असे मला वाटते. हातात वॉशरांची पुडी होती आणि नजर दुकानांच्या पाट्यांवर होती, म्हणून बोलला.

इतके झाल्यावर इग्निशन, म्हणजे ठिणगीची व्यवस्था, मी स्वतःकडे घेतली. म्हटले, हा तर फॅरेडेचा नियम. हा आपला प्रांत!

बॅटरी १२ व्होल्टची. पण दाबलेल्या मिश्रणात प्लगच्या टोकांमधून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात इग्निशन कॉइलमधून. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काही शे वेढ्यांची, आणि दुसरी बारीक तारेची, तिच्या शंभरपटीच्या आसपास वेढ्यांची. जाड गुंडाळीतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहत असतो, तो 'पॉइंट' नावाच्या दोन छोट्या संपर्कांमधून. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक गुंडाळीत वीस हजार व्होल्टपर्यंत विभव निर्माण होतो. इथे सारा भर 'एकदम' या शब्दावर आहे. प्रवाह सावकाश तुटला तर विभव कमी. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडत राहिली तर प्रवाह रेंगाळेल, म्हणून तिथे कंडेन्सर जोडलेला असतो.

आणि हे किती वेळा घडते? एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे १५००. चार सिलिंडरना मिळून ६०००. सेकंदाला शंभर! हे सारे दोन छोटे धातूचे तुकडे उघडून आणि मिटून करतात.

मी पॉइंट घासले, फट मोजून लावली, नवा कंडेन्सर घातला. ठिणगी निळी, जोरदार. आता ती योग्य क्षणी पडायला हवी. मिश्रण पूर्ण दाबले जाण्याच्या किंचित आधी, पिस्टन वरच्या टोकाला पोचत असताना. पहिल्या सिलिंडरच्या भोकात शीतपेयाची नळी सोडली, पुली हळूहळू फिरवली, नळी पूर्ण वर आली. पुलीवरची खूणही जुळली. डिस्ट्रिब्यूटरचा फिरता हात पहिल्या प्लगकडे वळवून बसवला. १, ३, ४, २ या क्रमाने तारा लावल्या. कार्बुरेटर आधीच साफ केला होता. वर्कशॉपवाला अजून यायचा होता, पण त्याची वाट पाहायला नको असे मीच म्हणालो. गाडीवाल्याने किल्ली फिरवली.

एंजिन दोन फेरे फिरले आणि कार्बुरेटरमधून, वरच्या बाजूने, 'फाट्!' असा आवाज होऊन जाळ बाहेर आला. शेजारच्या इमारतीतली कबुतरे उडाली. भिजवलेले गोणपाट तयार ठेवले होते म्हणून बरे. जुन्या एंजिनाशी खेळताना ते आणि आग विझवण्याचे नळकांडे जवळ हवेच, आणि मोठे माणूसही हवे. (मोठे माणूस आमच्यात नक्की कोण, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला.)

मी कंडेन्सर बदलला. फाट्. पॉइंटची फट पुन्हा मोजली. फाट्. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असावे, असा नवा सिद्धान्त मांडून कार्बुरेटरचा स्क्रू फिरवला. या सिद्धान्ताला थोडा आधार होता. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच; म्हणून या मिश्रणाला साडेतेरा पटींच्या आसपास पुरते. जुन्या कार्बुरेटरची भोके पहिल्या हिशेबाची असतात, म्हणजे नव्या इंधनात हवा थोडी जास्त होते. इथेनॉलने जुने रबरही फुगते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आम्ही आधीच बदलल्या होत्या. पण हवा थोडी जास्त झाल्याने दर वेळी जाळ होत नाही. फाट्.

तेवढ्यात वर्कशॉपवाला आला. त्याने पाहिले, ऐकले, आणि बँकवाल्याकडे तोंड करून म्हणाला, "त्याला विचार, पिस्टन वर कशाला आला होता?"

मला प्रश्नच कळला नाही. पिस्टन वर आला होता, खूण जुळली होती, मग आणखी काय हवे? आणि मग माझीच फळ्यावरची आकृती डोळ्यांपुढे आली. मित्रांनो, फोर-स्ट्रोक चक्रात पिस्टन एकदा नव्हे, दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. नळी दोन्ही वेळा सारखीच वर येते आणि पुलीवरची खूणही दोन्ही वेळा सारखीच जुळते, कारण चक्र पूर्ण व्हायला पुलीचे दोन फेरे लागतात. डिस्ट्रिब्यूटर मात्र त्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. मी त्याला नेमका धूर टाकायच्या वेळेला बसवला होता. त्या क्षणी मिश्रण आत घेणारी झडप उघडू लागलेली असते. ठिणगी पडली की आत येणारे मिश्रणच पेटते आणि जाळ उघड्या झडपेतून उलटा कार्बुरेटरकडे जातो.

ओळखायचे कसे? त्याने पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि पुली फिरवायला सांगितले. एका वेळी पिस्टन वर येताना अंगठा मुकाट राहिला, कारण हवा झडपेतून निघून जात होती. पुढच्या वेळी दाबलेल्या हवेने अंगठा 'फुस्स' करून उडवला. ती खरी वेळ. एवढेच! नळी, खूण, फॅरेडे, सगळे बरोबर होते. अंगठा लावायचा राहिला होता.

डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा वळवून बसवला. किल्ली फिरवली. एंजिन खोकले, थरथरले आणि पंधरा वर्षांनी सुरू झाले. निळसर धुराने आवार भरले. ते सिलिंडरमधले ऑइल जळत होते. काकू खाली आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

दोघांचे काम

सुरू होणारी गाडी म्हणजे रस्त्यावर नेता येणारी गाडी नव्हे. थांबता आले पाहिजे. शिवाय नोंदणीचे नूतनीकरण होण्यासाठी आर. टी. ओ.च्या तपासणीत ब्रेक उतरायलाच हवेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला, त्यांच्या पाटीवर 'व्ही ए' ही अक्षरे असतात. पण आमची पद्मिनी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. ती त्या मानाला पोचलेली नाही आणि नव्यांतही मोडत नाही, आमच्याच वयाची. म्हणून नेहमीच्या तपासणीला जाणे भाग होते.

पद्मिनीचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. पायाने पेडल दाबले की मुख्य सिलिंडरमधला द्रव नळ्यांतून चारही चाकांपर्यंत दाब पोचवतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब सगळीकडे सारखा. मात्र नळीत हवा नको. का? समजा हवेचा बुडबुडा ५ घन सेंटिमीटरचा आहे. दाब वीसपट झाला की बॉइलच्या नियमाने त्याचा विसावा भाग उरतो, पाव घन सेंटिमीटर. म्हणजे पेडलने ढकललेल्या द्रवापैकी पावणेपाच घन सेंटिमीटर नुसता बुडबुडा दाबण्यात खर्च झाला. तेवढ्यात पेडल तळाला टेकते आणि चाक फिरतच राहते.

औषधाच्या दुकानात सुईशिवाय दोन सिरिंज मिळतात, एक ५ आणि एक २० मिलिलिटरची. बारीक प्लास्टिकच्या नळीने त्या जोडा, आत पाणी भरा. लहान दट्ट्या दाबा आणि मोठा अंगठ्याने अडवून धरा. बळाचा फरक हाताला कळेल. मग मुद्दाम एक बुडबुडा ठेवून तेच करा. हात मऊमऊ दबत जातो. आमचे पेडल तसे लागत होते.

ब्रेक ऑइलचा आणखी एक गुण, खरे तर दोष, लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट-३ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो, त्याखाली नाही. घाट उतरताना ब्रेक तापतात. ऑइल पंधरा वर्षे जुने असेल तर त्यातले पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढच्या वळणावर पेडल खाली जाते. म्हणून सगळे ऑइल बदलले, रबरी सील बदलली आणि मग नळ्यांतली हवा काढायची राहिली.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडलवर आणि एक चाकाखाली. मार्चचा शेवटचा रविवार गुढीपाडव्याचा, म्हणून आम्ही त्याच्या आदल्या रविवारी जमणार होतो. पण बँकवाला वर्षअखेरच्या कामात अडकला आणि गाडीवाला काकूंचे सामान नव्या घरी पोचवत होता. आवारात आम्ही दोघेच उरलो.

तो मागच्या डाव्या चाकाखाली आडवा झाला, कारण मुख्य सिलिंडरपासून ते सर्वांत लांब. मी पेडलवर. त्याने निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवले. रीत अशी : पेडल तीन-चार वेळा दाबायचे, मग दाबून धरायचे, खालच्याने निपल उघडायचा, बुडबुडे बाहेर पडले की बंद करायचा, आणि निपल बंद झाल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर तीच हवा परत आत ओढली जाते. खालच्याला पाय दिसत नाही आणि वरच्याला निपल दिसत नाही. मधे बोलणी पोचवायला बँकवाला नव्हता.

थोडा वेळ शांतता. मग गाडीखालून आवाज आला, "मार."

मी तीन वेळा मारले.

"धर."

"धरलंय."

"सोड."

असे पाच-सहा वेळा झाले. पेडल अजून मऊ होते. सातव्या वेळी "धर" म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "तू जामीन राहिला नाहीस ते बरंच झालं. पहिल्या वर्षी तीन हप्ते थकले होते. बँकेने तुझा पगार धरला असता."

मी म्हणालो, "मी घाबरलो होतो. तसं सांगायला हवं होतं, कारणं सांगत बसलो." आणि बोलता बोलता माझा पाय उचलला गेला.

"मी सोड म्हटलं का?" तो खालून ओरडला. "गेली सगळी हवा आत! पहिल्यापासून कर आता."

पहिल्यापासून केले. चार चाकांना अडीच तास लागले. एरवी तासाभरात होते, पण आम्हाला बोलायलाही बरेच होते. बारा वर्षांत त्याच्या वर्कशॉपमध्ये नऊ माणसे झाली, आणि मुलगी बारावीला आहे, तिला भौतिकशास्त्र अवघड जाते. शेवटी पेडल दाबून पाहिले तेव्हा ते दगडासारखे घट्ट लागले.

एप्रिलमध्ये गाडी ट्रकवर घालून तपासणीला नेली. हॉर्न क्षीण म्हणून एकदा परत पाठवली, दुसऱ्या खेपेला पास झाली. मेच्या तिसऱ्या रविवारी काकू पुढच्या सीटवर बसल्या. पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे मधे बँकवालाही मावला. मी आणि वर्कशॉपवाला मागे. कर्वे रस्त्याने, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, काकूंच्या कोथरूडच्या घरापर्यंत. नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारले, "विकायची का?" काकू म्हणाल्या, "नाही हो."

त्यांना सोडून गाडी भोसरीला वर्कशॉपमध्ये नेली. आता ती तिथेच असते. पेट्रोलचा काटा मात्र अजून हलत नाही. टाकीतला फ्लोट वरखाली झाला की एक रोध बदलतो आणि त्याप्रमाणे काटा फिरतो, इतकी साधी रचना. दोष फ्लोटमध्ये आहे, तारेत आहे की काट्यात, ते ठरायचे आहे. तोवर आम्ही टाकीत बांबूची काडी बुडवून पेट्रोल मोजतो. माझे मत तारेवर आहे. वर्कशॉपवाला म्हणतो, आधी टाकी उघडून बघ.